दाजींचा ताप

शंकर दाजींशी माझं शेवटचं धड बोलणं झालं ते त्यांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये, चैत्राच्या उन्हात. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, शांताचे मालक. दीड महिना झाला त्यांना जाऊन. मी चौथी शिकलेला माणूस, उभा जन्म यंत्रमागावर गेला. लिहिण्यात चूक होईल, सांगण्यात होऊ देणार नाही.

त्या दिवशी जुन्या चौकटींना वाळवी लागली म्हणून दाजी औषध चोपडत होते. बंद पडलेल्या एका वखारीतून आलेला डबा, वरचा कागद गळून गेलेला, वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून होता. "पडलाय तर वापरा की," असं शांताच म्हणाली होती. दाजी उघड्या हातानं फडकं फिरवत होते, सदरा पोटापर्यंत भिजलेला. मी म्हटलं, "दाजी, लाकूड रंगवताय का सोताला?" तर हसून म्हणाले, "आता मलाबी वाळवी लागायची न्हाय, पाव्हणं. तुमी बी या, तुमी तर लई जुनं लाकूड!" लग्नापासून आमचं असंच चालायचं. मी त्यांच्या कामाला नावं ठेवायची, त्यांनी माझ्या ताठ्याला. पण माझ्या लेकीच्या लग्नात मांडवाचा खांब कलला, तेव्हा सगळ्या पंगती उठेपर्यंत तो खांद्यानं धरून उभा राहिलेला माणूस तो. जेवला सगळ्यांत शेवटी, आणि वर म्हणाला, आमटी गार हाय...

दुपार कलताना त्यांना घाम सुटला, तो थांबेना. अंग तव्यासारखं, धाप लागलेली, पाणी पिऊन पिऊन तहान भागेना. शांता म्हणाली, "दादा, ह्यो सदरा काढून अंगावर पाणी घालू का?" मी थोरला. खेकसलो, "तापात पाणी? याड लागलंय का तुला?" पंखा बंद केला. घरातली जाड चादर, मीच विणलेली, त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली. घाम निघाला की ताप उतरतो, हे मी आईपासून बघत आलेलो. दाजी चादर फेकायचे, मी परत घालायचो. "पाव्हणं, आतनं जळतंय ओ..." "जळू द्या. उतरंल," म्हणालो मी. रिक्षा आणली तोवर उशीर झाला होता.

नंतर डब्यातलं औषध तपासून आल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून सांगितलं. त्या औषधात फिनॉलला क्लोरीन जोडलेलं असतं, ते कातडीतून आत शिरतं. आपण खातो ते शरीराच्या कणाकणात जळतं आणि त्यातून बळ तयार होतं. हे विष जळणं थांबवत नाही, फक्त त्यातून बळ होऊ देत नाही. मला माग कळतो. मोटार फिरतेय पण पट्टा घसरतोय. मोटार तापून लाल, कापड वीतभर नाही. बळ मिळेना म्हणून शरीर आणखी जाळत सुटतं, आणि ती सगळी आग अंगातच राहते. मी विचारलं, मग यावर उतारा काय? "उतारा नाही, आजोबा. भिजलेले कपडे काढायचे, साबणपाण्यानं धुवायचं, अंग गार ठेवायचं आणि लगेच आणायचं." शांताला सुचलं होतं, तेच की...

आणि शांता महिनाभर एकच बोलत होती, डबा वापरा म्हणणारी मीच, मीच मारलं त्यांना. येईल त्या बाईपुढं कपाळ बडवून घ्यायची. मी शेजारी बसून ऐकायचो. थोरलेपण जिभेवर दगडासारखं पडलेलं.

मागल्या आठवड्यात शेडमध्ये गेलो. दाजींच्या रंध्याच्या तोंडात लाकडाची एक कुरळी साल अजून अडकलेली आहे, शांता ती कुणाला काढू देत नाही. तिथंच भुईवर बसलो आणि बाईंनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. म्हटलं, "तुजं बरुबर हुतं, शांते. मी आडवा आलो." साठ वर्षांत तिला असं कधी म्हणालो नव्हतो.

ती रडली नाही. म्हणाली, "मी तुजं ऐकायला नगं हुतं, दादा."

त्या दिवसापासून ती कपाळ बडवून घेत नाही. माझ्याशी बोलतही नाही. बोलू नये तिनं. मी रोज सकाळी जातो, उंबऱ्याशी बसतो. ती आत पदरानं रंधा पुसते, आणि साल तेवढी तशीच ठेवते.