थोरले साडू आणि तिलारीचा घाट

सासुरवाडीला जाण्याची आखणी एखाद्या मोहिमेसारखी करणारा माणूस सबंध सिंधुदुर्गात एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. नात्याने माझे थोरले साडू. उभी हयात मुंबईत नोकरी करून ते कुडाळ-मालवण रस्त्यावरच्या आपल्या गावी परतले, काजूच्या बागेत रमले. माणूस धट्टाकट्टा, आवाज खणखणीत, सापाला शेपटीला धरून कुंपणाबाहेर सोडणारा. पण देवाने एक खोड ठेवली होती. गाडी घाटाला लागली, की साडूंच्या पोटात कालवायचं. आमची सासुरवाडी आंबोलीजवळ, घाटमाथ्यावर. तेव्हा लग्न ठरल्यापासून दर खेपेला साडू एसटीच्या खिडकीत, नाकाशी लिंबू धरून, अर्धे बाहेर आणि अर्धे आत असे वर पोचत. आंबोलीच्या घाटातलं एकही वळण त्यांनी कोरडं सोडलं नव्हतं. जुने कंडक्टर तर त्यांना बघितलं की आपणहून खिडकीची जागा रिकामी करून देत.

घाटमाथ्यावर आमचे सासरे खळ्यात वाटच बघत बसलेले असायचे. साडू हिरवटपिवळे होऊन अंगणात शिरले, की ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "काय जावयबापू, लिंबू पुरला मा?" लगेच आतून लिंबाचं सरबत यायचं, आणि माजघरातून बायकांची खसखस. साडूंचं नावच मुळी 'लिंबूवाले जावई' पडलं. मी धाकटा जावई. मला घाट काही करत नाही, त्यामुळे माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला थोडं वाईटही वाटायचं.

मग त्यांच्या मुलाने पुण्याहून गिअरची सायकल पाठवली आणि साडूंना साक्षात्कार झाला. एका सकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "अरे, ड्रायव्हराक घाटात कदी ओकताना बगलंस? जेच्या हातात हँडल, तेका काय होणा नाय. मी आता सासुरवाडेक सायकलीर जातलंय." मी म्हटलं, "आंबोली चढणार?" तर त्यांनी जीभ चावली. "आंबोलीत माका सगळे वळखतत. चडूचा तिलारीसून आणि उतराचा आंबोलीसून." म्हणजे कुडाळ, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, तिलारीचा तो छाती दडपून टाकणारा चढ, मग चंदगडच्या अंगाने सासुरवाडी, आणि आंबोली उतरून घरी. दोन घाटांचा हा सबंध फेरा, तोही साठी उलटल्यावर! मी थट्टा करणार एवढ्यात ते हळूच म्हणाले, "म्हातारो नव्वदीक इलो रे. डोळ्यांनी कमी दिसता तेका. समदा दिसूचा बंद होवच्या आदी माका एकदा सरळ मानेन तेच्या खळ्यात उबो रवाचा आसा." मी थट्टा गिळली.

आखणीला सुरुवात झाली. नकाशे साडूंना पसंत पडेनात, कारण त्यांत चढ दिसत नाही. म्हणून गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, उरलेली माती आणून त्यांनी पडवीत सबंध तिलारी घाट उभा केला, वळणांसकट. रोज सकाळी त्याच्यासमोर बसून ते कुठे गिअर बदलायचा हे बोटाने चढून बघायचे. तिसऱ्या वळणात कोंबडीने अंडं घातलं तेव्हा ते उचलू देईनात, "थंय खड्डो आसा, तो आता ध्यानात रवतलो." आक्का, म्हणजे माझी मेहुणी, तो घाट चुकवून झाडू मारून मारून कंटाळली. "घाट चडा नायतर मोडा," ती म्हणायची, "माका माजी पडवी देवा!" सरावासाठी साडू मागे नारळांचं पोतं बांधून गावच्या घाट्या चढत, आणि वाऱ्याची सवय व्हावी म्हणून भर दुपारी देवबागेला जात. तिथे समुद्रावर मजा करायला आलेले पर्यटक या पोतंवाल्याकडून नारळाचा भाव काढत.

पहिली मोहीम मात्र साफ फसली, आणि ती तिलारीने नव्हे, पाहुण्यांनी फसवली. पाणी प्यायला हॉटेलात कशाला जायचं, म्हणून साडूंनी प्रत्येक थांबा एकेका नातेवाइकाच्या घरी ठेवला होता आणि वर फोन करून सगळ्यांना कळवलंही होतं! कोकणात आधी कळवून गेलेल्या पाहुण्याला नुसतं पाणी कोण देतो? सावंतवाडीच्या चुलत भावाने घावणे घातले. बांद्याच्या आत्याने सोलकढी, सुरमई आणि वर आग्रह. दोडामार्गच्या मावसबहिणीने तर कोंबडाच कापला होता. वडे खाऊन साडू ओटीवर जरा आडवे झाले ते चार वाजता उठले. घाट समोर दिसत होता, पण पोट हँडलला लागत होतं. शेवटी सायकलसकट टेम्पोत बसून परत आले. टेम्पोतही घाट नसताना लिंबू लागलं, ते वड्यांमुळे.

पण माणूस चिवट. दुसऱ्या खेपेला कुणालाच कळवलं नाही. सांगितलं फक्त देवाला. पहाटे देवळात गावच्या मानकऱ्याने, गावकराने, गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुजा लेकरू सायकल घेवन तिलारी चडाक जाताहा. तेच्या गुडघ्याक बळ दी, दोनव टायर शाबूत ठेव रे म्हाराजा!" आम्ही म्हटलं, "होय म्हाराजा!" "आणि वाटेत खंयची आत्या, खंयची मावशी आडवी येत आसात, तर तिका घरातल्या कामाक लाय रे म्हाराजा!" यावर साडूंचं 'होय म्हाराजा' सगळ्यांत मोठं होतं.

मी स्कूटरवरून मागे होतो, ट्यूब आणि पेजेची बाटली घेऊन. बांद्यात आत्या दारातच उभी! साडूंनी तोंडाला पंचा गुंडाळला, मान खाली घातली आणि सख्ख्या आत्यासमोरून परक्यासारखे निघून गेले. ते पाप त्यांना अजून टोचतं. मग तिलारी सुरू झाला. पहिल्या वळणापासूनच रस्ता अंगावर येतो. साडू या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चढत होते, गंजीतून घाम निथळत होता, आणि ओठांत पडवीतली वळणं चालू होती. तिसऱ्या वळणाला खरोखरच खड्डा होता. "अंडा!" म्हणून ते ओरडले आणि चुकवून पुढे गेले. सगळ्यांत उभ्या चढावर सायकल जवळजवळ थांबली. मी म्हटलं, "उतरा, जरा चाला." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिंबूवालो चलात गेलो, असा सांगशीत थंय?" आणि पेडलवर उभे राहिले. पाय टेकला नाही. माथ्यावर वारा लागला तेव्हा हा साठी उलटलेला माणूस दोन्ही हात सोडून आरोळी ठोकत सुटला, आणि मी स्कूटरवर एकटाच टाळ्या वाजवत होतो.

दिवस कलता कलता सायकल खळ्यात शिरली. घंटी वाजली. सासऱ्यांनी डोळे बारीक करून आवाजाच्या दिशेने बघितलं. "कोण?"

"मी, थोरलो. सायकलीर इलंय. तिलारीसून."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. तापलेला टायर चाचपला, हँडल चाचपलं, मग साडूंचा भिजलेला दंड. "आणि लिंबू?"

"लिंबू नाय हाडूक. लागूकच नाय."

सासरे मोठ्याने हसले, जावयाची पाठ थोपटली, आतल्या बायकांना बाहेर बोलावून सायकल दाखवली. "बगा गो! माजो जावय घाट चडान इलो!" साडूंची मान इतकी ताठ मी कधी बघितली नव्हती. मग म्हाताऱ्याने विहिरीकडे तोंड केलं. तिथे एक जुनं लिंबाचं झाड होतं.

"मगे आता ह्या झाडाचा काय करूचा?" तो म्हणाला. "पयल्या खेपेक तुमचे हाल बगलंय, तेवाच लायलंय. तुमी येवच्या दिवशी आपल्या हातान लिंबा काडून ठेवी मी."

झाड जावयासाठी लावलेलं होतं. आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं की सरबत थट्टेचं आहे.

दुसऱ्या दिवशी आंबोली उतरताना त्यांनी प्रत्येक वळणाला घंटी वाजवली. दरीत धुकं भरत होतं, आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने त्यांना ओळखून खिडकीतून चक्क हात जोडले.

पुढच्या वर्षी सासरे गेले. साडू अजून दर थंडीत तो फेरा मारतात, आत्याकडे मात्र आता परत येताना मुद्दाम वाट वाकडी करून थांबतात. घाटमाथ्यावर खळ्यात कुणी नसतं. ते विहिरीपाशी जातात, झाडाचं एक लिंबू काढून खिशात टाकतात आणि मगच आंबोलीकडे वळतात. मी एकदा विचारलं, आता तुम्हाला कुठे लागतं ते? तर म्हणाले, "नाय लागणा रे. पण तेना लायल्यान माज्यासाठी."