बिनचूकरावांचे तीन फोन

ऑफिसात त्यांना सगळे बिनचूकराव म्हणत. आम्ही तो टोमणा मारत होतो आणि ते तो मान समजत होते. बावीस वर्षांत त्यांना फरक कळला नाही.

उशिरा बोलणाऱ्या, नजर न मिळवणाऱ्या मुलांवर आमचे डॉक्टर संशोधन करायचे. आयांना तारखा देणं, फॉर्म भरून घेणं, फायली लावणं हे बिनचूकरावांचं आणि माझं काम. त्यांच्या फायलीत खाडाखोड औषधालाही सापडायची नाही. तपासनीस आले की तीच फाइल पुढे. मुलं मात्र त्यांना खपायची नाहीत. एखादं पोर टेबलाशी आलं की हे आधी स्टॅम्पपॅड उचलायचे. घरीही तीच तऱ्हा. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, "भाऊजी, यांना भाजीत मीठ नसलं तरी चालतं, पण ताट सरळ लागतं!"

कुणी तारखेला आलं नाही, तर तीन वेगवेगळ्या दिवशी फोन करायचा, असा नियम होता. तिन्ही वेळा उचलला नाही, तर 'संपर्क तुटला' लिहून मुलाचं नाव कमी. हे महाशय तिन्ही फोन एका दमात लावायचे, तारखा तीन टाकायचे आणि हात झटकून मोकळे व्हायचे.

एका कारखान्यातल्या बाईची पाच वर्षांची मुलगी आमच्याकडे होती. संशोधनात नाव आहे तोवर बोलायला शिकवणारे उपचार फुकट, नाव गेलं की तेही बंद. बाईने फॉर्मच्या कडेला लिहून दिलं होतं, 'फोन चारनंतर करावा, कामावर मोबाईल जमा असतो.' एकदा ती तारखेला आली नाही, तेव्हा बिनचूकरावांनी तिन्ही फोन सकाळी अकराला लावले.

"अहो, लिहून दिलंय त्यांनी," मी म्हणालो.

"त्याला रकाना नाही."

पुढच्या आठवड्यात बाई मुलीला घेऊन आली. "हिला ताप होता, म्हणून त्या दिवशी जमलं नाही. आज बघा ना."

"नाव कमी झालंय." यांनी कागद पुढे सरकवला. "तीन दिवस फोन केले."

बाईने कागद वाचला. मग आपला मोबाईल त्याच्याशेजारी ठेवला. तीन मिस्ड कॉल होते, तिन्ही सोमवारचे, चार मिनिटांतले. "बाकीचे दोन दिवस कुठे गेले, काका?"

"कागदावर आहे तेच धरतात." निर्लज्ज माणूस, आवाजसुद्धा हलला नाही. मुलगी आईचा हात ओढत "पाणी, पाणी" म्हणत होती. ज्या शब्दासाठी आम्ही एवढं दुकान मांडलं होतं, तो शब्द आमच्यासमोर उभा होता आणि यांनी मान वर केली नाही.

बाईचं बोट कागदाच्या तळाशी गेलं. "'माझ्यासमोर फोन केले.' ही सही कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

"मग तुम्ही सांगा, भाऊ. तीन दिवस केले होते?"

बिनचूकराव माझ्याकडे बघतही नव्हते, इतकी त्यांना माझी खात्री होती. खोटी सही उघड झाली असती तर त्यांच्याबरोबर माझीही नोकरी गेली असती.

"केले होते," मी म्हणालो.

बाईने मुलीला पाणी पाजलं आणि ती निघून गेली.