नूरबानू बारीक झाली

करीमभाईंच्या काष्ठौषधींच्या दुकानात मुळ्या-पाल्यापेक्षा बोलणीच जास्त मिळतात, अशी बुधवार पेठेत त्यांची ख्याती. त्यात पेपरात बातमी आली. लठ्ठ उंदरांना कुठल्याशा पानांचा अर्क पाजला आणि त्यांच्या झिजलेल्या स्नायूंत म्हणे ताकद परतली. झालं, गिऱ्हाइकांची रीघ लागली, ती चार-पाच महिने हटली नाही.

"तो पेपरातला अर्क आहे का हो?"

"का? आपण उंदीर आहात?"

गिऱ्हाईक तणतणत निघून जाई. पण करीमभाई खरे चिडलेले होते ते स्वतःवर. जगाला अक्कल शिकवणारा हा माणूस घरात तीच चूक करून बसला होता.

बायको नूरबानू ब्याण्णव किलोची, जिना चढताना धापा टाकणारी. बातमी वाचली त्याच दिवशी करीमभाईंनी तिला त्या पानांचा काढा सुरू केला. अर्क काय नि काढा काय, पानं तर तीच! वर रात्रीचं जेवण बंद, अंडी बंद, डाळही बंद. चार महिन्यांत चौदा किलो उतरले. "भाभी, किती बारीक झालात!" गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आणि करीमभाई दाढी कुरवाळत खूश व्हायचे.

मग एका दुपारी नमाज पढताना नूरबानू जमिनीवर कपाळ टेकलेल्या सजद्यातून उठून बसली, पण तिला उभं राहता येईना. बसूनच नमाज पुरी करून तिनं हाक मारली, "अहो, पाय उचलतच नाहीत."

गल्लीतल्याच डॉक्टर चैतालीनं काढ्याची हकीकत ऐकून तिच्या मांड्या दाबून पाहिल्या. "चरबी बरीचशी आहे तिथंच आहे, काका. मांस गेलंय. तो अर्क प्रयोगशाळेतला, तोही उंदरांपुरता. यांना पोटभर डाळ-अंडी द्या आणि रोज खुर्चीवरून उठबस करायला लावा."

करीमभाई भडकले. "चाळीस वर्षं औषधं विकतोय मी!"

"म्हणूनच विचारते, उपाशी ठेवायला कुणी सांगितलं?"

घरी येऊन करीमभाईंनी पानांचं पोतं लाथेनं उडवलं, पेपरवाल्यांना शिव्या घातल्या, गल्लीतल्या बायकांचा उद्धार केला. नूरबानू खुर्चीवर बसून वाटीतली डाळ संपवत होती.

मग तिची उठबस सुरू झाली. पाचव्या खेपेला तिच्या मांड्या थरथरू लागल्या. करीमभाईंनी घाईनं हात पुढे केला. तिनं तो झिडकारला.

"नको. याच हातानं बसवलंत मला."

आणि खुर्चीचे हात धरून ती एकटीच उठू लागली.