दहा हजार एक

सातवीत मी केलेला एक भागाकार मला आजही तोंडपाठ आहे, कारण तो मी मुद्दाम चुकवला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एटापल्लीकडच्या आमच्या शाळेतून चंद्रपूरच्या वसतिगृहाला एकच मुलगी पाठवायची होती. नावं दोन होती, माझं आणि जंगलातल्या गावाहून आलेल्या एका माडिया आदिवासी मुलीचं. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि मला ती त्यासाठीच आवडत नव्हती.

त्या दिवशी गणिताच्या सरांनी फळ्यावर १०००१ लिहिलं. दोनपासून तेरापर्यंत एकेक आकडा लावून पाहिला आणि जाहीर केलं, "मूळ संख्या. याले कोणी भागत नाई."

ती उठली. "सर, त्र्याहत्तर भागते. एकशे सदतीस वेळा."

"त्र्याहत्तरचा पाढा कोणं शिकवला तुले?"

"घरी तेंदूपानं मोजून राह्यतो न. आमच्या पुड्यात त्र्याहत्तरच राह्यते."

वर्ग हसला. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. पुडा सत्तर पानांचा, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वरची तीन पानं कुठून आली ते मात्र मला ठाऊक होतं. बिडीची ही पानं ठेकेदार जिथं मोजून विकत घेई त्या फडावर माझे बाबा मुंशी होते आणि तीन पानं जास्तीची नसली तर ते पुडा बाजूला फेकत.

सरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी खडू मला दिला. "तू करून दाखव."

शंभरात त्र्याहत्तर एकदा. दोनशे सत्तरात तीनदा. उरले पाचशे अकरा. सात त्र्याहत्तर पाचशे अकरा, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी पाचशे दहा लिहिलं आणि खाली बाकी एक. सर खूश झाले. तिला त्यांनी तासभर अंगठे धरून उभं केलं, वर म्हणाले, "सरासमोर शहाणपण करते." आठवड्याभरात चंद्रपूरसाठी माझं नाव गेलं. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. मला पेटी कुठली घ्यायची याची काळजी होती.

उन्हाळ्यात बाबांचा डबा घेऊन फडावर गेले तर ती रांगेत होती. शाळा कायमची सुटली होती तिची. बाबांनी तिचा एक पुडा उघडून मोजला. त्र्याहत्तर भरली. मग तिनं ओच्यातून आणखी एक पान काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"हे घे, तुझी बाकी," ती म्हणाली.

बाबांनी विचारलं, "पान काऊन देऊन राह्यली ते तुले?"

"फाटकं असन," मी म्हटलं, आणि बाबांची पाठ वळल्यावर ते धड पान तिच्यासमोर फाडलं.