बाटलीत राहिलेला बर्फ

पारोळ्याच्या निकुंभबाईंनी माझा बी.एस्सी.चा फॉर्म हट्टाने स्वतः भरला नसता, तर मी आज ऑकलंडला पेनरोज भागातल्या लॅबमध्ये नसतो. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बाई आम्हाला केमिस्ट्री शिकवत. मागच्या हिवाळ्यात एका गुरुवारी लॅबचा फ्रीझर आवरताना एका ‘रिकाम्या’ बाटलीत बर्फ खडखडला. आधी बाईच आठवल्या. मी केलेली चूक त्यांच्या बारावीच्या वर्गातल्या कुणीसुद्धा करू नये अशी होती.

बाटली ट्रेव्हरची. हा हॅमिल्टनजवळचा सत्तरीचा माणूस, जन्मभर गाई पाळून आता सफरचंदाची बाग सांभाळतो. सफरचंदाचा रस आंबवला की सायडर होतं, साधारण बिअरपेक्षा थोडं कडक. ट्रेव्हरचे वडील त्याचीच कडक दारू करत, आणि तीही चूल न पेटवता. सायडर कॅनमध्ये भरून गोठवायचं. पाणी आधी गोठतं, अल्कोहोल लवकर गोठत नाही. मग कॅन उलटा टांगायचा. जे ठिबकतं ती दारू, आत उरतो तो बर्फ. याला ॲपलजॅक म्हणतात. यात एक धोका असतो. भट्टीवर दारू गाळताना सुरुवातीची वाईट धार फेकून देता येते. गोठवताना काहीच वेगळं निघत नाही, नको ते घटकही दाट होतात. म्हणून विकण्याआधी लॅबची तपासणी हवीच.

ट्रेव्हरची ही विकायची पहिलीच खेप होती. नको ते घटक मर्यादेत निघाले. अल्कोहोल निघालं सत्तावीस टक्के. सोमवारी मी रिपोर्टवर सही केली. बुधवारी त्याची लेबलं छापून झाली. शनिवारी हॅमिल्टनच्या बाजारात त्याचा स्टॉल होता.

आता चूक सांगतो. सॅम्पल शुक्रवारी आलं होतं, वर चिठ्ठी: ‘थंड ठेवा.’ फ्रीज भरलेला होता, म्हणून मी ते फ्रीझरमध्ये ठेवलं. सोमवारी बाटली तिरकी केली, आलं तेवढं ओतून घेतलं, बाटली परत आत ठेवली आणि ओतलेलं तपासलं. बाटली तपकिरी प्लॅस्टिकची, आतला बर्फ दिसला नाही. म्हणजे ट्रेव्हरने गोठवून गाळलेली दारू मी लॅबमध्ये पुन्हा एकदा गोठवून गाळली होती.

बाटली घेऊन मी मॅनेजर हेलनकडे गेलो. तिने ती कानाशी हलवून ऐकली.

“त्याला सांगितलंस?”

“ईमेल लिहितोय.”

“ईमेल नको. फोन कर. आणि मग गाडी काढ.”

फोनवर ट्रेव्हरने आकडा चुकल्याचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ये तर खरा.”

दुपारी पोचलो. शेडमध्ये निळे कॅन उलटे टांगलेले, खाली स्टीलच्या बादल्या. मी घडलेलं सगळं सांगितलं. सॉरी म्हणालो.

“व्हीजे, माझी दारू तू आणखी कडक केलीस?” तो म्हणाला. माझं नाव विजय. “तुला इथेच कामाला ठेवायला हवं!”

त्याची बायको मार्ज हसली. “सत्तावीसचा आकडा याने सगळ्या क्लबला ऐकवलाय. भावालासुद्धा. वडिलांच्या दारूपेक्षा कडक म्हणे! आता बस तोंड लपवून.”

“तू गप गं,” ट्रेव्हर म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “शनिवारी विकता येईल की नाही, तेवढं सांग.”

“सगळा माल कुठे आहे?”

“त्या टाकीत. उद्या बाटल्यांत भरणार.”

टाकी नीट ढवळून मी नवं सॅम्पल घेतलं. शुक्रवारी सकाळी ते लॅबच्या साध्या तापमानाला आणलं, हलवलं आणि उकळून वाफेतून अल्कोहोल वेगळं काढून मोजलं. विस्तवाशिवाय केलेली दारू मोजायला आम्हाला मात्र विस्तव लागतो. दुसऱ्यांदा मोजलं, तेव्हा हेलन शेजारी उभी होती. दोन्ही वेळा एकवीस टक्के.

नव्या आकड्याची छोटी स्टिकरं लॅबमध्येच छापली आणि पुन्हा हॅमिल्टन गाठलं. दुपारभर आम्ही तिघं लेबलांवर ती चिकटवत बसलो. माझी तिरकी लागायची, मार्ज सरळ करायची. शनिवारी स्टॉल लागला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत माल संपलासुद्धा. ट्रेव्हरचा भाऊ चार बाटल्या घेऊन गेला. सत्तावीसची झेपली नसती म्हणाला.

सोमवारी लॅबच्या फ्रीझरवर नवी सूचना लागली: ‘सॅम्पल पूर्ण वितळल्याशिवाय उघडू नये.’ खाली सही माझीच. त्याच दिवशी मी पारोळ्याला पत्र टाकलं.

“आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

माझ्या सहीचा एक रिपोर्ट चुकला. का चुकला, ते सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. वर्गात वाचून दाखवलात तरी चालेल. चूक मलाच सापडली, वेळेत सापडली, आणि कुणी मला हाकललं नाही. ज्याचं नुकसान व्हायचं होतं त्याने उलट जेवू घातलं. इथे माझं बरं चाललं आहे, बाई.

तुम्ही घेत नाही, म्हणून बाटली न पाठवता नुसतं लेबल पाठवतो आहे. आकड्यावरचं स्टिकर नखाने सोला. माझी चूक खाली आहे.

आपला,
विजय”