साडूंचं बिनचूक संकेतस्थळ

लोकांच्या चुकांपायी आमच्या साडूंइतक्या शिव्या खाल्लेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडणार नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांत भिंती घोषणांनी रंगल्या, तेव्हा हे कॉलेजकुमार चुन्याची बादली घेऊन दोन्ही बाजूंच्या घोषणांतले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत फिरले आणि दोन्ही बाजूंनी त्यांना पळवून लावलं. लग्नपत्रिका हातात आली की नवरीच्या नावाआधी त्यांना चुकलेली वेलांटी दिसायची. नोकरी संपत आली तेव्हा ते संगणक शिकले आणि तिथं त्यांना स्वर्गच सापडला: संकेतस्थळाचा कोड तपासून चुका दाखवणारं यंत्र! "अगदी माझ्यासारखंच आहे हो ते," ते हळवे होऊन म्हणाले.

आम्हा दोघांच्या बायकांच्या धाकट्या भावाचं पिंगळीला ठिबकच्या नळ्यांचं दुकान. साडूंनी त्याला संकेतस्थळ करून द्यायचं ठरवलं. "कोडमध्ये एक चूक नसेल, तर शोधात आपणच पहिले. शोधयंत्राला शुद्ध तेच आवडतं." कित्येक आठवडे त्यांनी एकेक कंस घासूनपुसून लख्ख केला. तपासणीत एकही चूक निघाली नाही, त्या दिवशी पेढे वाटले.

उद्घाटनाला सगळी सासुरवाडी दुकानात जमली. साडूंनी 'ठिबकच्या नळ्या, परभणी' असं लिहून शोधाचं बटण सासऱ्यांच्या हातून दाबून घेतलं. पहिलं आलं परभणीतल्या दुसऱ्याच दुकानदाराचं पान. साडूंनी तिथल्या तिथं ते तपासलं, तर चुकांची ही भलीमोठी रांग! मेहुणा मात्र पुढची पुढची पानं उघडत राहिला. "दाजी, आपली दुकान कुठंच दिसंना की." सासरे चष्मा पुसू लागले. कुणी हसलं नाही, तेच वाईट झालं. साडूंचे कान लाल झाले. चहा न घेताच ते स्टेशनकडे निघाले, मागोमाग मी. गाडीत त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सगळ्यांसमोर लाज काढून घेतली मी," एवढंच बोलले.

घरी आल्यावर त्यांनी ते पहिलं पान प्रथमच नीट वाचलं. नळी तुंबली तर काय करावं, कापसाला किती अंतर ठेवावं, सगळं शेतकऱ्याच्या बोलीत. यांच्या पानावर दुकानाचं नाव, 'सहर्ष स्वागत' आणि मेहुण्याचा फोटो.

"कोड बिनचूक होता हो," ते पुटपुटले. "पण लोक शोधतात ते त्यात नव्हतंच."

पुढं काही दिवसांनी पिंगळीला गेलो, तर साडू दुकानात नळीच्या वेटोळ्यावर बसलेले. समोर एक म्हातारी तावातावानं सांगत होती, "लय तुंबायलीय बघा नळी. शेवटल्या झाडाला पानी जायनाच."

साडू मान खाली घालून ऐकत होते. ती थांबली तेव्हा हलकेच म्हणाले, "आजी, परत एकदा सांगता? तुम्ही म्हणालात तस्संच लिहायचंय मला."