झाडाला मलम लावायचं राहिलं होतं

वानखडे काका गेले.

झाडावरून पडून नाही. घरी, खुर्चीत, सकाळचा चहा हातात असताना.

मुद्दाम लिहितेय, कारण सकाळपासून प्रत्येक फोनवर एकच प्रश्न. "झाडावरून पडले ना?"
काल दिवसभर काका आमच्या झाडावर होते, हे अख्ख्या गल्लीनं पाहिलंय.

आमचं जांबाचं झाड (पुण्यातल्या मित्रांसाठी: पेरू) पार माजलं होतं. फांद्या गच्चीवर, केबलमध्ये, भिंतीपलीकडे काकांच्या अंगणात.

काकांचा जन्म आर्वीकडे संत्र्याच्या बागेत गेला. इथे पिपरी मेघेला मुलाकडे राहायला आले, पण हात शिवशिवायचेच. काल स्वतःच आरी घेऊन हजर.

"आधी जांब उतरव पोरी. भरल्या झाडावर आरी नाई चालवत मी."

शेवटचा जांब खाली येईपर्यंत आरीला हात लावला नाही. सगळे गल्लीत वाटायला लावले.

मग अशी छाटणी सुरू केली की मी ओरडलेच, "काका, काही ठेवता की नाही?"

"झाडाच्या पोटात ऊन जाऊ दे. मंग पाहजो कसं फुटते ते."

संध्याकाळी एका बादलीत मोरचूद भिजवलं, दुसरीत चुना.

"कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा लागते, नाई तर झाड सडते. रातभर भिजू दे. मी सकाळी येतो. तू नको हात लावजो."

सकाळी काका आले नाहीत. भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज आला.

मी अजून शॉकमध्येच आहे. काल माझ्यावर फांदीवरून हसणारा माणूस!

आणि तिथे काकांच्या दारात बायकांची कुजबुज. "फळतं झाड छाटलं, भोवलं."
अगं, त्याच झाडाचे जांब तुमच्या फ्रिजमध्ये आहेत की! असा संताप आला. पण तिथे काय बोलणार.

दुपारी सगळं आटोपलं. आंघोळ करून अंगणात गेले तर दोन्ही बादल्या तशाच. कापलेल्या फांद्या उघड्या. काकांचं एवढं काम तरी पुरं करावं म्हटलं.

पण चुन्यात मोरचूद ओतायचं, की मोरचुदात चुना?

मी मोबाइल घेतला आणि सरळ काकांना फोन लावला.

खरंच लावला.

भिंतीपलीकडे रिंग वाजायला लागली, तेव्हा भानावर आले. कट करणार तेवढ्यात कुणीतरी उचलला.

काकू होत्या.

मी म्हटलं, "काकू... ते मलम..."

मग बसलेल्या आवाजात म्हणाल्या,

"दोन्ही संगंच ओत, तिसऱ्या बालटीत. लोखंडाची नको घेजो."

मी हो म्हटलं.

"आन खोडाले बी लावजो. ते कधी इसरत नव्हते."

काका, सगळीकडे लावलं. खोडालाही.

निवांत जा.